सरासरी किती पडते?

जंगलात सायकल हळू चालवणे हा दखलपात्र गुन्हा आहे, असे मला परवाच्या रविवारपर्यंत कोणी सांगितले नव्हते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिरून, दहिसर नदीच्या कडेकडेने, कान्हेरीच्या दिशेने जाणारा सहा-सात किलोमीटरचा रस्ता जमेल तितक्या संथपणे तुडवावा, मध्ये वाटेल तिथे पाय टेकावेत आणि कॅरिअरला बांधलेल्या पिशवीतले थालीपीठ एखाद्या सावलीत बसून खावे, एवढाच माझा बेत होता. फाल्गुन असल्यामुळे कुसुंबाला कोवळी तांबडी पालवी फुटली होती आणि ती पाहायला वेग लागत नाही. माझी सायकल काळी आहे, तिला गिअर नाहीत, घंटी आहे आणि मागच्या मडगार्डचा एक स्क्रू गेल्या पावसाळ्यापासून बेपत्ता असल्यामुळे घंटीची फारशी गरजही पडत नाही.

चढ सुरू होतो तिथल्या एका पुलाच्या कठड्याजवळ शिट्टी वाजली. शिट्टी वाजली की थांबायचे, हे शाळेने आणि वाहतूक पोलिसांनी माझ्या हाडांत मुरवलेले असल्यामुळे मी थांबलो. वनरक्षक असेल असे वाटले होते, पण समोर सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते. पांढरेशुभ्र बूट, कानटोपी, कमरेला पट्ट्याची पिशवी आणि गळ्यात ती शिट्टी. "ही बिबट्यासाठी," त्यांनी माझ्या नजरेला उत्तर दिले आणि लगेच मुद्द्यावर आले.

"काय बिघडलंय?"

"काही नाही, काका."

"मग इतकं हळू का?"

"हळूच चालवतो मी."

या उत्तरावर त्यांचे समाधान होणे शक्यच नव्हते. त्यांनी प्रथम मागच्या टायरला अंगठा लावून हवा पाहिली, नंतर माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि दोष टायरमध्ये नाही असे ठरवून चौकशी माझ्याकडे वळवली. छातीत दुखते का? डाव्या हाताला मुंग्या येतात का? साखर तपासली होती का, आणि तपासली असेल तर उपाशीपोटी की जेवणानंतरची? घरी काही झाले आहे का? हा शेवटचा प्रश्न त्यांनी आवाज खाली आणून, जरा बाजूला घेऊन विचारला, म्हणजे संसारातली भांडणे करून माणसे सायकलवरून जंगलात येतात आणि कान्हेरीच्या चढावर मन हलके करतात, याचा त्यांना अनुभव असावा. मी सर्व प्रश्नांना नकार दिल्यावर ते काही क्षण गप्प राहिले आणि मग त्यांनी हुकमाचे पान टाकले.

"सरासरी किती पडते?"

"कशाची?"

"वेगाची हो! ताशी किती?"

"मोजली नाही कधी."

त्यांनी पुलाच्या दुसऱ्या टोकाला व्यायाम करीत असलेल्या मंडळींकडे वळून हाक मारली, "अहो, इकडे या जरा. हे मोजत नाहीत!"

तिघेजण हात फिरवायचे थांबवून आले. एवढ्यात खालून झळाळत्या, अंगाला चिकटलेल्या कपड्यांतले सायकलस्वारांचे एक टोळके वर आले आणि त्यांतल्या एका तरुणाने जाता जाता माझ्या सायकलीकडे पाहून अंगठा उंचावला आणि "काका, व्हिंटेज!" असे म्हटले. हे त्याने सायकलीविषयी म्हटले की सायकल आणि स्वार यांच्याविषयी एकत्रितपणे, याचा निकाल अजून लागलेला नाही. या मंडळींविषयी मला खरे तर आदर आहे. ती पहाटे चारला उठतात. पण ज्याच्या हँडलवर एक पडदा, मनगटावर दुसरा आणि कानात आकडे सांगणारी एक बाई असते, त्याला रस्त्याच्या डाव्या हाताला पांगारा फुलला आहे हे कोण सांगणार? ती बाई ते सांगत नाही.

काकांना समजावून पाहावे म्हणून मी इतिहासाचा आधार घेतला. म्हटले, आपण ज्या डोंगराकडे तोंड करून उभे आहोत त्यात शंभरावर लेणी आहेत. भिक्खूंनी पावसाळ्यात भटकंती थांबवून एका जागी राहावे, असा नियम होता, आणि अशा थांबण्यासाठी माणसांनी काळा पाषाण कोरला, पाण्याची टाकी खोदली, बसायला ओटे केले. सोपारा आणि कल्याण इथल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी दाने दिली आणि ती शिलालेखांत नोंदवली. म्हणजे या डोंगरावर निवांत बसण्याला दोन हजार वर्षांची परंपरा आहे.

"म्हणूनच टिकले नाहीत," काका म्हणाले.

"हजार वर्षे राहिले ते इथे!"

"आता कुठे आहेत?"

याला उत्तर नव्हते. मग मी कारवीकडे वळलो, कारण रस्त्याच्या दोन्ही अंगांना तीच वाळकी उभी होती. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, इथे 2016 मध्ये फुलली, 2024 मध्ये फुलली, आता 2032 पर्यंत ती नुसती उभी राहणार आहे आणि तिला कोणी सरासरी विचारत नाही. यावर त्या तिघांपैकी एका गृहस्थाने अत्यंत गंभीरपणे "आठला एक, म्हणजे वर्षाला 0.125," असा हिशेब दिला. माणसे निवृत्त होतात, पण त्यांच्यातला लेखापाल निवृत्त होत नाही.

दरम्यान काका सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले होते. "तुमचा दोष नाही," ते प्रथमच मायेने म्हणाले. "सीट खाली आहे. गुडघ्याला जोर मिळत नाही. असंच चालवत राहिलात तर दोन वर्षांत वाट्या बदलाव्या लागतील." एवढे बोलून त्यांनी कमरेच्या पिशवीतून पाना काढला. पहाटे जंगलात फिरायला येताना माणूस बिबट्यासाठी शिट्टी आणतो हे मी समजू शकतो, पण पाना कोणासाठी आणतो? मी "नको, नको" म्हणत असताना नट सैल झाला, सीट चांगली तीन बोटे वर आली आणि नट पुन्हा आवळला गेला. आवळताना त्यांनी दात-ओठ खाल्ले, आणि त्या तिघांनी कौतुकाने माना डोलावल्या.

"आता बघा फरक," म्हणून ते माझ्या सायकलीवर बसले. "त्या वळणापर्यंत जाऊन येतो."

ते उताराच्या बाजूने निघाले. पहिल्या वीस हातांत त्यांनी पायडल मारले, नंतर त्याची गरज उरली नाही. मडगार्डचा खडखडाट, माझी घंटी आणि त्यांची शिट्टी असा तिहेरी नाद करीत, माझ्या थालीपीठासह, ते वळणाआड गेले.

आम्ही वाट पाहिली. शिट्टी लांबून ऐकू येत होती, मग ती ऐकू येईनाशी झाली.

"येतील," लेखापाल म्हणाले. "मागच्या वेळीही आले होते."

"मागच्या वेळी?"

"त्याची गिअरची होती. त्याला वेळ लागला होता."

हे सांगून ती मंडळी आपापल्या व्यायामाकडे परतली आणि मी खाली चालू लागलो. सायकलीने आलेला माणूस पायी परतताना जी शोभा करून घेतो ती सांगण्यासारखी नाही. माझ्या उजव्या पायाला पँट मुडपण्याची चिमटी तशीच लावलेली होती, त्यामुळे ज्याला प्रश्न पडायचा त्याला तो पडतच होता. सकाळी मला मागे टाकून गेलेले टोळके आता उतरताना भेटले आणि त्या अंगठेवाल्या तरुणाने कळवळून विचारले, "काका, सायकल मोडली?" वाटेतल्या माकडांनी मात्र काहीही विचारले नाही. माझ्या हातात पिशवी नाही हे त्यांनी एका नजरेत ताडले आणि माझ्यातला रस सोडला.

चालताना राग येत गेला, आणि तो त्या काकांवरचा फार थोडा होता. या शहरात हळू जायला जागा उरली आहे कुठे? वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकलीला मज्जाव, किनारी रस्त्याच्या मुख्य मार्गावर मज्जाव, अटल सेतूवर मज्जाव. जिथे मज्जाव नाही तिथे डाव्या बाजूला रिक्षा उभ्या, त्यांच्या डाव्या बाजूला गटाराची झाकणे आणि मागून येणाऱ्या बसच्या भोंग्यात "तू अजून जिवंत कसा?" असा स्वच्छ प्रश्न. म्हणून माणूस सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या एकुलत्या एका जंगलात येतो, तर या जंगलाच्या पोटातूनही बोगदे चालले आहेत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे एकीकडे, ठाणे-बोरिवलीचे दहा किलोमीटरहून लांब जुळे बोगदे दुसरीकडे. वर झाडे तशीच राहतील, असे सांगितले जाते. तासाभराचा वळसा काही मिनिटांवर येईल, असेही सांगितले जाते, आणि ते खरे असेल. परंतु वाचलेल्या त्या मिनिटांचे ही माणसे काय करणार आहेत, हे अद्याप एकानेही सांगितलेले नाही. माझा अंदाज असा आहे, की ती पुढच्या सिग्नलला घालवतील. ठाण्याहून बोरिवलीला पोहोचलेल्या माणसाला आपण एका अख्ख्या जंगलाखालून आलो हे कळणारसुद्धा नाही, आणि त्याला विचारले तर तो सरासरी सांगेल.

फाटकाबाहेर नारळपाणीवाल्याच्या गाडीला माझी सायकल टेकवलेली होती. डबा शाबूत होता, थालीपीठ शाबूत होते, हे काकांच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो. काका मात्र घरी गेले होते. "त्यांना अंघोळीला उशीर होत होता," नारळवाला म्हणाला. "निरोप दिलाय. ब्रेक सैल आहेत, करून घ्या. आणि 22 ची पडली म्हणाले."

"काय पडली?"

"ते मला नाही माहीत. म्हणाले, त्यांना कळेल. आणि एका नारळाचे पैसे तुम्ही देणार आहात."

मी पैसे दिले. सायकलीवर बसू लागलो तर पाय जमिनीला पुरेनात, आणि नट हाताने तर सोडाच, नारळवाल्याच्या कोयत्याच्या मुठीने ठोकूनही हलेना. शेवटी ती हातात धरून स्टेशनजवळच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत चालत गेलो. तिथल्या कारागिराने नटाला तेल सोडले, लांब दांड्याचा पाना लावला, त्यावर स्वतः लोंबकळला आणि तो सुटल्यावर घाम पुसत म्हणाला, "कोणी आवळला होता हा? काम पक्कं आहे माणसाचं."

मी काही बोललो नाही. त्याने सीट पूर्वीच्या जागी आणली, एकदा माझ्या पायांकडे पाहिले, एकदा सीटकडे पाहिले, चाळीस रुपये घेतले आणि म्हणाला, "साहेब, खरं सांगू? मघाची उंचीच बरोबर होती."