माहितीस्तव व आवश्यक त्या कार्यवाहीस्तव

आपल्या संस्थेने ई-मेल, शेअर्ड ड्राइव्ह, कॅलेंडर, ऑनलाइन वर्ग आणि चॅट हे सारे एकत्र देणारी प्रणाली घेतली असेल, तर आपले अभिनंदन. पण जपून असा. ही साधने नीट वापरली गेली तर माणसे खरोखरच एकमेकांबरोबर काम करू लागण्याचा धोका असतो. पुण्यातल्या एका महाविद्यालयात गेली २२ वर्षे शिकवणारा, आणि त्यातली ९ वर्षे कोणत्या ना कोणत्या समितीचा निमंत्रक राहिलेला माणूस म्हणून मी खात्रीने सांगतो की, तो धोका पूर्णपणे टाळता येतो. थोडी शिस्त मात्र लागते.

धोका तसा जुनाच आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट या अमेरिकी संगणक संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात बसून, मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याबरोबर एकाच मजकुरावर एकाच वेळी काम करून दाखवले होते. १९८९ मध्ये मेल आणि सामायिक नोंदी एकत्र देणारे लोटस नोट्स हे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि हे खूळ कचेऱ्यांमध्ये शिरले. सुदैवाने त्याच्या आदल्याच वर्षी जोनाथन ग्रूडिन या संशोधकाने अशी साधने का फसतात, यावर एक निबंध लिहून ठेवला होता. त्यातला एक मुद्दा असा की, या साधनांसाठी जादा काम करतो एक आणि लाभ मिळतो दुसऱ्यालाच. बैठक बोलावणाऱ्याला सर्वांच्या मोकळ्या वेळा एका नजरेत दिसाव्यात, म्हणून ज्याला आयुष्यात कधी बैठक बोलवायची नाही त्यानेही कॅलेंडरमध्ये आपला दिवस भरत बसायचे. ग्रूडिन यांनी हे इशारा म्हणून लिहिले होते, आपण ते परिपत्रक म्हणून अमलात आणावे. कोणतीही नवी सोय सुरू करताना एवढेच पाहावे की, माहिती भरणारे साठ जण असावेत, ती मागणारा एक असावा आणि भरलेल्या माहितीतून त्या साठांच्या हाती कधीही काहीही परत पडू नये. पुढचे सगळे आपोआप होते.

आता सीसीविषयी. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, हे टंकलेखन यंत्रावर बोटे मोडलेल्या पिढीला सांगायला नको. त्या कार्बनला एक नैसर्गिक मर्यादा होती. चौथी-पाचवी प्रत इतकी पुसट येई की, ती कोणाला पाठवावी याचा विचार करावाच लागे. ती अडचण आता राहिलेली नाही, त्यामुळे विचाराचीही गरज राहिलेली नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला पंखा बंद पडला, तर प्राचार्य, उपप्राचार्य, सर्व विभागप्रमुख, ग्रंथपाल आणि क्रीडाशिक्षक यांना अवश्य सीसीत घ्यावे. पंखा कोणी दुरुस्त करायचा आहे त्याचे नाव घालायचे राहून गेले तरी चालेल, कारण जबाबदारी सोळा जणांत वाटली की, कोणाच्याच अंगाला लागत नाही. उत्तर देणाऱ्यांनी ‘रिप्लाय ऑल’ सोडू नये. या बाबतीत आपण कितीही प्रयत्न केले तरी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची सर आपल्याला यायची नाही. तिथे नोव्हेंबर २०१६ मध्ये एक चाचणीचा मेल चुकून आठ लाखांहून अधिक खात्यांना गेला, आणि ‘मला या यादीतून काढा’ असे लोकांनी सर्वांनाच कळवायला सुरुवात केल्यावर सारी यंत्रणा मंदावली. आमच्याकडे ‘नोटेड सर’ एवढेच लिहिणारे ४३ मेल एका सकाळी आले होते. मेल होता ग्रंथालयातल्या जुन्या कपाटांच्या लिलावाचा.

सामायिक तक्त्याचा अनुभव मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे वेळापत्रक आम्ही एकाच ऑनलाइन तक्त्यात केले आणि सर्वांना त्यात बदल करण्याची मुभा दिली. पैकी कोणा एका टापटिपीच्या प्राध्यापकांना नावे अकारविल्हे नाहीत हे खटकले. त्यांनी नावांचाच स्तंभ निवडून त्याची क्रमवारी लावली. नावे सुरेख ओळीत आली, पण तारखा, खोल्या आणि मोबाइल क्रमांक जागच्या जागी राहिले. दुसऱ्या दिवशी मराठीच्या बाई इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेबाहेर उभ्या होत्या, आणि प्रसूती रजेवर असलेल्या एका सहकारी बाईंना, आपण कुठे आहात, असे विचारणारे तीन फोन गेले. वास्तविक त्याच तक्त्याच्या मेनूत आवृत्त्यांचा इतिहास असतो, तो उघडून आदल्या संध्याकाळची प्रत दोन मिनिटांत परत आणता आली असती. तसे न करता आम्ही बैठक बोलावली, हे विशेष नोंदवावेसे वाटते. १ तास ४० मिनिटांच्या चर्चेनंतर असे ठरले की, यापुढे प्रत्येक विभागाने आपापला वेगळा तक्ता करून मेलने पाठवावा. आता ११ विभागांचे ११ तक्ते येतात, त्यांपैकी नऊ फाइलींचे नाव ‘अंतिम’ असते, एकीचे ‘अंतिम नवीन’, आणि एकीचे ‘हेच धरावे’.

पत्रव्यवहाराची खानदानी पद्धत सोडू नये. मेल आला की त्याची प्रिंट काढावी, तिच्यावर आवक क्रमांक घालावा, साहेबांचा शेरा घ्यावा, उत्तर टंकित करून त्यावर सही, गोल शिक्का व जावक क्रमांक घ्यावा आणि मग ते किंचित तिरपे स्कॅन करून मेलला जोडावे. मेलमध्ये फक्त ‘सोबत जोडले आहे’ असे लिहावे. जोडलेली फाइल मेलने जाताना साधारण एक-तृतीयांशाने फुगते, त्यामुळे चार ओळींच्या उत्तराने समोरच्याच्या खात्यात पुरेशी जागा अडवल्याचे समाधानही मिळते. पुढे सहा महिन्यांनी त्या पत्रातला एखादा शब्द शोधून पत्र हुडकता येऊ नये, हा स्कॅनचा आणखी एक गुण. मेल गेला की व्हॉट्सॲपवर ‘मेल केला आहे, बघून घ्यावा’ असा निरोप टाकावा, आणि मग फोन करून विचारावे, “व्हॉट्सॲप पाहिलंत का?”

पूर्वी आमच्याकडे नोटिशींची एक वही होती. लाल कापडी पाठीची, कोपरे झिजलेली. शिपाईमामा ती विभागाविभागांतून फिरवत, तास चालू असेल तर दाराशी थांबत आणि सही घेतल्याशिवाय हलत नसत. कोणी पाहिले, कधी पाहिले, हे त्या एकाच पानावर दिसे. समासात कोणी ‘त्या दिवशी विद्यापीठात जायचे आहे’ असे लिहून ठेवी, ते खालच्या सहीवाल्याला वाचता येई आणि तो आपली अडचण त्याखाली लिही. प्राचार्यांच्या टेबलावर वही परत जाईपर्यंत बैठकीची तारीख बहुधा बदललेली असे. एक प्रत, सर्वांचे अभिप्राय, वाचल्याची पोच. प्रणाली विकणाऱ्या तरुणाने लॅपटॉपवर आम्हाला नेमके हेच दाखवले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. वही बंद झाली. मामा मात्र अजून फिरतात. परवा तासाच्या मधेच दारातून म्हणाले, “सर, मेल बघा म्हणून सांगितलंय.” कसला मेल, असे विचारल्यावर म्हणाले, “ते काय माहीत नाही. पूर्वी वही हातात असायची तेव्हा वाचता यायचं.”

विद्यार्थ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. गटप्रकल्पाच्या सामायिक दस्तऐवजात आदल्या रात्री शिरून एखादा स्वल्पविराम हलवावा, म्हणजे आपले नाव इतिहासात राहते. सगळे लिखाण रात्री दोन वाजता एकाच मुलीने केलेले आहे हे त्याच इतिहासात स्पष्ट दिसते, पण तो उघडून पाहणारा शिक्षक मला अजून भेटलेला नाही, मीही त्यांतलाच. स्वाध्यायाचे फोटो आडवे काढून चढवावेत. खासगी शंका सर्व वर्गाला दिसेल अशा जागी विचारावी आणि सर्वांच्या उपयोगाची शंका खासगीत.

या सर्वांवर कळस म्हणजे संस्थेचा अधिकृत मेल. त्याचा पासवर्ड एकाच व्यक्तीला ठाऊक असावा आणि ओटीपीसाठी नोंदवलेला मोबाइल दुसऱ्याच व्यक्तीचा असावा. आमच्याकडे तो २०१९ मध्ये निवृत्त झालेल्या कार्यालय अधीक्षकांचा आहे. ते राहतात सहकारनगरात, हा निव्वळ योगायोग. गृहस्थ अत्यंत सज्जन आहेत आणि फोन केला की ओटीपी लगेच वाचून दाखवतात, फक्त दुपारी एक ते चार फोन बंद असतो. गेल्या सोमवारी ‘डिजिटल साधनांद्वारे परिणामकारक सहकार्य’ या कार्यशाळेचे निमंत्रण सर्व विभागांना पाठवायचे होते. दीड वाजता लॉगिन करायला गेलो तेव्हा प्रणालीने आम्हाला बाहेर काढून ओटीपी मागितला. चार वाजेपर्यंत आम्ही तिघे संगणकासमोर बसून राहिलो. चार वाजून पाच मिनिटांनी अधीक्षकांनी फोन उचलला, सहा आकडे सांगितले आणि विचारले, “कार्यशाळा कधी आहे?”

ती तीन वाजता होती.