ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

शिक्षक पात्रता परीक्षेच्या तयारीसाठी बालमानसशास्त्राची जी टिपणे मोबाइलवरून फिरत असतात, त्यांत अध्ययनाविषयी चार विधाने थोड्याफार फरकाने पुन्हापुन्हा आढळतात: पाव्हलॉव्ह यांना अभिसंधानाच्या, म्हणजे एक गोष्ट दुसरीशी जोडून शिकण्याच्या, प्रयोगांसाठी नोबेल मिळाले, सरावाने कोणतेही उद्दीपक (प्रतिसाद जागवणारी गोष्ट) कोणत्याही प्रतिसादाशी जोडता येते, ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, आणि मूल भाषा शिकते ते अनुकरण व शाबासकी यांच्या बळावर. यांपैकी एकही विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

नोबेलचा मुद्दा लगेच निकालात निघतो. पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी मिळाले, आणि ते स्वतःला शरीरक्रियाशास्त्रज्ञच मानत.

दुसरे विधान एके काळी वर्तनवाद्यांना, म्हणजे शिकण्याचा उलगडा बाह्य वर्तनावरून करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनाही मान्य होते. मात्र १९६६ साली जॉन गार्सिया आणि रॉबर्ट केलिंग यांनी उंदरांना चवदार पाणी देताना सोबत प्रकाश आणि आवाजही ठेवला. नंतर ज्यांना मळमळ होईल असे केले, त्यांनी ती चव टाळली. ज्यांना विजेचा झटका दिला, त्यांनी प्रकाश आणि आवाज टाळला. काय कशाशी जोडले जाणार, याचा कल प्राण्यात आधीपासूनच असतो.

खरा घोटाळा तिसऱ्या विधानात आहे, कारण त्याचा परिणाम वर्गापर्यंत पोहोचतो. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या मांडणीत प्रबलन, मग ते धन असो वा ऋण, वर्तन वाढवते आणि शिक्षा ते घटवते. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे एखादे वर्तन वाढले, तर ते ऋण प्रबलन होय. किराणा दुकानात चॉकलेटसाठी भोकाड पसरणाऱ्या मुलाला आई शेवटी ते घेऊन देते आणि रडणे थांबते. मुलाला मिळालेले चॉकलेट हे त्याच्या रडण्याचे धन प्रबलन. पण थांबलेला गोंगाट हे आईच्या शरणागतीचे ऋण प्रबलन असते, म्हणूनच पुढच्या खेपेला ती अधिक लवकर नमते. चाचणी चांगली सोडवणाऱ्यांना गृहपाठ माफ केल्याने मुले अधिक नेटाने अभ्यास करू लागली, तर तेही ऋण प्रबलन. दंगा कमी व्हावा म्हणून मधली सुट्टी काढून घेणे ही मात्र शिक्षा. छडीला ऋण प्रबलनाचे उदाहरण म्हणून पाठ केलेला उमेदवार उद्या शिक्षक होणार, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केलेल्या गोष्टीला शास्त्राचा आधार असल्याचे समजणार, ही भीती मला अवास्तव वाटत नाही.

भाषेविषयीचे विधान अर्धे खरे आहे: घरात मराठी कानावर पडली नाही, तर मूल मराठी शिकणार नाही. तथापि ‘बाबांनी चहा करला’ हे वाक्य ते कोणाचे ऐकून म्हणते? ‘बसला’, ‘हसला’ यांवरून नियम बांधून ते स्वतः ‘करला’ घडवते. केवळ नकलेतून हे रूप निघणे कठीण. शाबासकीचेही तसेच. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन संभाषणांच्या अभ्यासात असे दिसले, की पालकांची पसंती वाक्याच्या व्याकरणापेक्षा त्यातील खरेखोटेपणावर अवलंबून असते. आपल्याकडेही चहा बाबांनीच केलेला असेल, तर ‘करला’ला आईकडून ‘हो रे’ मिळते. आणि तो तिने केलेला असेल, तर ‘बाबांनी चहा केला’ या बिनचूक वाक्याला ‘नाही, आज मी केला’ असे उत्तर येते.