1 स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा. तुमचा रिव्ह्यू रात्री वाचला, दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की फी इंग्लिश मीडियमची घेतात अन लेकरांना जंगलातली भाषा शिकवतात, पोरगी घरी पाणी न मागता "येर" मागायली, पहिलीच्या अ‍ॅडमिशनला याचा काय उपयोग, फी परत करा.

आधी आमची चूक सांगते. अ‍ॅडमिशनच्या टायमाला गोंडी भाषेच्या तासाचं आम्ही नीट बोललोच नाही, टाइमटेबलात नुसतं 'गाणी-गोष्टी' लिहिलं होतं, त्याचा राग आला असंल तर तो बरोबरच आहे. आता फॉर्मवरच छापलंय.

पण जंगलातली भाषा हे मला लागलं. 2011 च्या जनगणनेत जवळपास 30 लाख लोकांची मातृभाषा गोंडी आहे, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत नाही म्हणून ती कमी होत नाही. तेलुगूच्याच घराण्यातली आहे. तेलुगूत तीन-चार म्हणजे मूडु, नालुगु, गोंडीत मुंद, नालुंग, तेलंगणातल्या आदिलाबादला येणंजाणं असलेल्या किनवटच्या माणसाला हे मी काय वेगळं सांगू.

अन हे सुरू कसं झालं तेही ऐका. जूनमधी गुड्यावरनं, म्हणजे गोंडांच्या वस्तीवरनं, एक लेकरू आलं, साडेतीन वर्षांचं. दोन महिने चपलांच्या रॅकपाशी बसून राहिलं, रडणं नाही बोलणं नाही, आमच्या मॅडम म्हणायल्या याला ऐकू येत नसंल, डॉक्टरला दाखवा. मला पण तसंच वाटायलं होतं, याची आज लाज वाटते. मग गुड्यावरच्याच एका आजीला बोलावलं. आजीनं बाटली पुढं धरली अन म्हणल्या "येर?", अन ते उठलं, दोन्ही हातांनी बाटली धरून घटाघटा प्यायलं, शर्ट सगळा वला, अन मग जे बोलायला लागलं ते थांबेचना. दोन महिन्यांचं सगळं साठलेलं होतं त्याच्यात.

तुमची लेक त्याच्याच शेजारी बसते. पायऱ्या उतरताना ती "उंदी, रंड, मुंद" म्हणती अन तो तिच्यामागं "वन टू थ्री". इंग्लिशचा एक मिनिट आम्ही कमी केला नाही, गोंडी आठवड्यातनं तीन दिवस, अर्धाच तास, तो पण मोकळ्या खेळातला. 2020 च्या शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत जमंल तिथं घरच्या भाषेतून शिकवा असं आहे, पण आम्ही धोरण बघून नाही, त्या लेकरासाठी सुरू केलं. आजींचं मानधन मी देते, पालकांकडून त्याचा एक रुपया घेत नाही.

फी परत पाहिजे तर उरलेल्या महिन्यांची देते, त्यात वाद नाही. पण त्याआधी एकदा बुधवारी साडेदहाला या, मागं सतरंजीवर बसा. आजींना तुमचा रिव्ह्यू कुणी वाचून दाखवला नाही, त्यांच्यासमोर तेवढा तो 'जंगलातली' शब्द काढू नका.