अकॅडमीचा कॅम्पस मॉडर्न करायचाय? मग एवढं कराच

समजा उद्या सकाळी तुम्हाला ऑर्डर आली की खडकवासल्याच्या एनडीएचा, म्हणजे तिन्ही सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या अकॅडमीचा, कॅम्पस मॉडर्न करून द्या, पैशाची काळजी करू नका (हे वाक्य कोणी लिहून देत नसतं, तोंडीच बोलतात), तर सगळ्यात आधी काय कराल? साइटवर जाऊन बघाल? चुकलात. साइटवर गेलं की माणसाच्या डोक्यात नाही नाही ते भरतं. कुठे स्लॅबला ओल आलीये, कुठे पन्नास-साठ वर्षांची पाइपलाइन आहे, कुठे वायरिंगवर लोड झेपत नाहीये, आणि मग सगळं बजेट जमिनीखाली नाहीतर भिंतीच्या आत जातं. तिथे गेलेल्या पैशाचं उद्घाटन होत नाही राव. चीफ गेस्टला काय ड्रेनेजच्या चेंबरपाशी उभं करून फीत कापायला लावणार?

म्हणून आधी थ्री-डी रेंडर करून घ्या. काचेची बिल्डिंग, समोर गालिच्यासारखं लॉन, आकाश असं निळं की खडकवासल्याला जून ते सप्टेंबर ते दिसणं शक्यच नाही. रेंडरमध्ये पाऊस कधी पडत नाही ही त्याची सगळ्यात मोठी सोय. त्यातली माणसं कोट घालून कॉफीचे कप घेऊन हिंडताना दिसली तरी टेन्शन घेऊ नका, सॉफ्टवेअरमध्ये डांगरी (कामाचा अंगभर एकसंध ड्रेस) घालून सायकल ढकलणारा कॅडेट मिळत नाही.

एक सांगून ठेवतो, सध्या एनडीएत काय चाललंय याबद्दल मी काहीही म्हणत नाहीये, मला आत कोण सोडणार. मी फक्त तुमच्या करिअरचं बघतोय.

तर तुमची पहिली अडचण म्हणजे सुदान ब्लॉक, अकॅडमीची मुख्य बिल्डिंग. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत भारतीय सैनिक लढले, बरेच परत आले नाहीत, त्याची जाणीव ठेवून सुदानने 1941 मध्ये एक लाख पौंड दिले, फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार आपल्या वाट्याला आले आणि ते या अकॅडमीला लागले. 30 मे 1959 ला सुदानच्याच राजदूतांनी उद्घाटन केलं. बेसाल्ट, ग्रॅनाइट, जोधपूरचा लाल दगड, वर घुमट, कमानी, लांबच लांब व्हरांडे, आत इटालियन संगमरवर. आता तुम्हीच सांगा, याच्यात मॉडर्न काय आहे? व्हरांडा म्हणजे तर फुकट घालवलेला कार्पेट एरिया. त्याने पावसाचा मारा भिंतीपर्यंत येत नाही, दुपारचं ऊन आत येत नाही, ही असली कारणं आता कोण ऐकून घेतं?

तुम्ही एक करा, अशा कुठल्याही जुन्या बिल्डिंगचा व्हरांडा सरळ काचेने बंद करून टाका. मग आत उकडायला लागेल, म्हणजे एसीचं काम निघालं. एसी लागले की ट्रान्सफॉर्मर पुरणार नाही, ते दुसरं काम. नवीन ट्रान्सफॉर्मर आला की लाइट गेल्यावर काय म्हणून मोठा जनरेटर, तिसरं. जनरेटरचा आवाज क्लासरूममध्ये येतो म्हणून खिडक्यांना डबल काच, हे चौथं. आणि सगळ्यात शेवटी वीजबिल वाढलं म्हणून छतावर सोलर, त्याला वर ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट! एका काचेतून एवढी कामं निघतात आणि लोक उगाच म्हणतात की सरकारी कामात कल्पकता नसते.

दगडी भिंतींना टेक्श्चर पेंट मारायला विसरू नका. दगडाच्या सांध्यात शिरलेलं पाणी बाहेर पडायला जागा लागते, ती पेंटने बंद झाली की ओल आतल्या बाजूला फुटते, मग पुढच्या वर्षी आतून वॉटरप्रूफिंगचं टेंडर. पाडून नवीन बांधू असं मात्र मनातसुद्धा आणू नका. इथून जवळच, चांदणी चौकात, ज्याला आपण एनडीए चौक पण म्हणतो, तिथला पूल 2 ऑक्टोबर 2022 ला रात्री एक वाजता सहाशे किलो स्फोटकं लावून उडवला होता. सगळा देश टीव्हीसमोर बसलेला, धूर खाली बसला आणि पुलाचा सांगाडा तसाच उभा! शेवटी पोकलेनने उकरून काढावा लागला.

आता कॅलेंडर. अकॅडमीत ऋतू दोनच, मे अखेरची पासिंग आउट परेड आणि नोव्हेंबर अखेरची. तुमची सगळी कामं याच दोन तारखांना बांधून घ्या. मुख्य गेटपासून परेड ग्राउंडपर्यंत, तिथून मेसपर्यंत आणि मेसपासून हेलिपॅडपर्यंत, या एका पट्ट्याचं आधुनिकीकरण झालं की कॅम्पसचं झालं असं समजायचं. बाकी 7000 एकर जंगल, डोंगर आणि मोर आहेत, ते फाइल वाचत नाहीत. पट्ट्यातल्या झाडांना खाली गेरू वर चुना, रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक दगडाला चुना, कर्बला काळं-पिवळं, आणि डांबर परेडच्या आदल्या आठवड्यातच टाका म्हणजे गाडीत बसल्यावर वास सुद्धा ताजा येतो. फौजेतला जुना नियमच आहे, जे हलतं त्याला सॅल्यूट, जे हलत नाही त्याला रंग. त्यात भर म्हणून पेव्हर ब्लॉक टाका. पुण्यात राहून पेव्हर ब्लॉक टाकला नाही तर लोक संशय घेतात. ड्रिलच्या बुटाला खाली लोखंड असतं आणि ओल्या गुळगुळीत ब्लॉकवर ते कसं घसरतं हा ट्रेनिंगचा भाग म्हणून खपवता येईल.

हे सगळं करताना कोणीतरी येणारच, की साहेब मुलांचे कपडे वाळत नाहीत. याच्याकडे बिलकूल लक्ष देऊ नका, कारण ऐकायला गेलात तर हे म्हणणं फार खरं वाटतं. कॅडेटचा दिवस पहाटे पीटीने सुरू होतो, मग ड्रिल, मग क्लास, मग गेम्स, आणि मधे कुठल्या सिनियरचं डोकं फिरलं तर रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, दर वेळी वेगळे कपडे आणि दर वेळी ते घामाने नाहीतर पावसाने भिजलेले. जुलैमध्ये सिंहगडाच्या बाजूने ढग खाली उतरले की पंधरा पंधरा दिवस हवेत नुसतं पाणी. खोलीत दोरी, दोरीवर मोजे, खिडकीच्या गजाला बनियन, पलंगाखाली बूट आणि बुटात कोंबलेला पेपर. मग ओले मोजे घालून दहा किलोमीटर पळायचं, की पायाला बुरशी, की सिक रिपोर्ट. खरं तर प्रत्येक मजल्यावर एक साधी ड्रायिंग रूम, गरम हवेचा पंखा आणि स्टीलच्या दांड्या, एवढ्यात काम होतं. पण ती खोली चीफ गेस्टला दाखवणार कशी? शेकडो ओले मोजे, वास काय येईल. त्यापेक्षा लॉबीत बावन्न इंची टीव्ही लावा, त्याच्यावर सतत कॅम्पसचा ड्रोन व्हिडिओ चालू ठेवा.

गरम पाण्याचंही तेच. सोलर बसवा, पॅनल बाहेरून दिसतील असे बसवा, फक्त सगळा स्क्वॉड्रन (एकत्र राहणारी कॅडेटची तुकडी) पहाटे एकाच वेळी नळ उघडतो हे हिशोबात धरू नका, नाहीतर टाकी मोठी धरावी लागते.

महिला कॅडेटचा विषय निघाला तर सावध राहा. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलींना एनडीएची परीक्षा खुली करायला सांगितलं तेव्हा सरकारकडून मे 2022 पर्यंत वेळ मागितला गेला, राहायची व्यवस्था, ट्रेनिंगचे निकष, मेडिकलचे निकष वगैरे ठरवायचं होतं. कोर्ट म्हणालं, सैन्यदलांना आणीबाणीच्या प्रसंगांची सवय आहे, करतील ते, परीक्षा नोव्हेंबरमध्येच घ्या. झाली परीक्षा. 2022 मध्ये पहिली बॅच आत आली आणि 30 मे 2025 ला सतरा मुली पास आउट पण झाल्या. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. ही फार वाईट प्रथा पडली. उद्या कोणी म्हणेल, बाथरूमच बांधायची होती ना, मग आधी सत्तर वर्षं काय करत होता? त्यामुळे तुमच्या रिपोर्टमध्ये ‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द पानापानावर पाहिजे. डेहराडूनच्या आयएमएचं, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमीचं बघा, कॅम्पसच्या मधून हायवे जातो, आणि ट्रॅफिक अडवून कॅडेटनी रस्ता ओलांडायचा हा खेळ कित्येक दशकं चालला. साधे दोन अंडरपास, त्यांचं भूमिपूजन सप्टेंबर 2020 मध्ये झालं. याला म्हणतात टप्प्याटप्प्याने.

आता पेपरवर्क. बोर्ड ऑफ ऑफिसर्स बसवा, बोर्ड जागेवर जाऊन गरज आहे असं लिहील, मग ते स्केलमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या मापात, बसतं का बघतील, मग एस्टिमेट, अ‍ॅडमिन अप्रूव्हल, टेंडर, एल-वन म्हणजे सगळ्यात स्वस्त बोलीवाला. तोपर्यंत बोर्डातल्या निम्म्या लोकांची पोस्टिंग झालेली असते आणि गरज सांगणारा कॅडेट कॅप्टन होऊन सीमेवर पोचलेला असतो. काम सुरू झालं की इमारतीवाले वेगळे आणि विजेवाले वेगळे हे तत्त्व कटाक्षाने पाळा. आधी प्लास्टर, पुट्टी, दोन हात रंग. मग वायरिंगवाल्याला बोलवा. तो येऊन भिंत फोडेल, पाइप टाकेल, सिमेंटचा पट्टा मारून निघून जाईल. मग प्लंबर. त्याने फोडलेली टाइल त्याच शेडची परत मिळत नाही, हा निसर्गनियम आहे.

मेंटेनन्स हा शब्द आधुनिकीकरणात येत नाही, तो खूप खालच्या दर्जाचा आहे. माझे एक मामा फौजेत होते, एका छावणीत त्यांच्या क्वार्टरमधला नळ गळायचा. तक्रारीच्या रजिस्टरमध्ये मामी लिहायची ‘नळ गळतो’, समोर शेरा यायचा ‘पाहिले, गळतो’. सही, तारीख, सगळं व्यवस्थित. पुढच्या महिन्यात ‘वॉशर नाही’, त्याच्या पुढच्या महिन्यात परत ‘पाहिले’. शेवटी मामाने बाजारातून वॉशर आणून बसवला, तर पुढचा शेरा, ‘काम पूर्ण’. तुम्ही हे रजिस्टर डिजिटल करा. प्रत्येक नळाशेजारी क्यूआर कोड चिकटवा, कॅडेटने स्कॅन करायचं, तक्रार नंबर मोबाइलवर येणार. पहिल्या वर्षाच्या कॅडेटकडे मोबाइल असतो का, हा प्रश्न टेंडरच्या कक्षेबाहेर आहे.

जुन्या लोकांचं फार ऐकू नका. पायाभरणी 6 ऑक्टोबर 1949 ला नेहरूंच्या हस्ते झाली आणि 1955 च्या जानेवारीत अकॅडमीचं उद्घाटन पण झालं. हजारो एकर माळावर रस्ते, पाणी, वर्ग, घोड्यांच्या पागा, आणि सगळे कॅडेट एका वेळेला जेवायला बसतील असा मेस, हे सगळं सव्वापाच वर्षांत, तेही पीपीटी नसताना. घाईघाईत केलेलं काम हो ते, फीडबॅक सर्व्हे नाही, स्टेकहोल्डर मीटिंग नाही, एक सेल्फी पॉइंट नाही.

तो तुम्ही करा. ‘आय लव्ह’ लिहिलेली लाल अक्षरं, मागे तलाव. आणि पाटीचं तेवढं लक्षात ठेवा. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, तुमचं नाव खालून दुसऱ्या ओळीत, कारण पहिल्या चार ओळी आधीच बुक असतात. काम अर्धवट असलं तरी पाटी आधी लावून घ्या आणि आरसीसीतच अँकर करा, पॅनलवर चिकटवली तर पहिल्याच पावसाळ्यात पॅनलसकट खाली येईल. तोवर तुमची बदली झालेली असेलच. हँडिंग ओव्हरच्या नोटमध्ये ‘सर्व कामे समाधानकारक’ असं लिहा आणि स्टोअरच्या यादीत खाली कुठेतरी बारीक अक्षरात टाका, ताडपत्री निळी मोठी, नग चाळीस, बादल्या प्लॅस्टिक, नग दोनशे. टेकओव्हर करणारा सही करताना वाचत नाही.