वाईट वर्ष आणि वाईट बाई

चिनी माणूस दैववादी, असं आपल्याकडे फार सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. दैव मानणं वेगळं आणि दैवापुढे हात टेकणं वेगळं.

चिनी पंचांगात दर वर्षाला एका प्राण्याचं नाव असतं. बारा प्राण्यांच्या या चक्रात आपलं जन्मवर्ष दर बारा वर्षांनी परत येतं. ते तिथे जड मानतात. २०२६ घोड्याचं, म्हणजे १९७८, १९९०, २००२ साली जन्मलेल्यांनी जपून राहायचं. मग घरातली मोठी माणसं लाल मोजे, लाल पट्टा, आत घालायचे लाल कपडेसुद्धा आणून देतात. बीजिंगच्या बाइयुन मंदिरात साठ वर्षांच्या चक्राचे साठ देव बसवलेत. आपल्या वर्षाचा देव शोधायचा आणि त्याला हात जोडायचे. आपल्याकडे साडेसातीत शनीला तेल घालतात, तसंच. यातलं मला मोलाचं वाटतं ते हे, की नोकरी गेली, लग्न मोडलं, तरी 'वर्षच वाईट होतं' म्हणता येतं. माणूस नालायक ठरत नाही. शिवाय वर्ष कधीतरी संपतं.

हाँगकाँगच्या शा तिन भागात चे कुंग या देवाचं मंदिर आहे. चिनी नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी तिथे अख्ख्या शहराच्या नावाने कौलाची काडी काढतात. २००३ साली ती अगदी वाईट निघाली आणि त्याच वर्षी सार्सच्या साथीने तिथली जवळपास ३०० माणसं नेली. पण त्याच मंदिरात एक तांब्याचं चक्र आहे, हाताने फिरवलं की नशीब फिरतं अशी श्रद्धा असलेलं. वाईट कौल ऐकायचा आणि चार पावलांवर जाऊन तो बदलायला हात घालायचा! याला हताशपणा कसं म्हणायचं?

चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. नवरा गेला की 'हिच्याच पत्रिकेने खाल्लं त्याला' म्हणायचं, हे तिथेही पिढ्यानपिढ्या चालत आलंय. आपल्याकडची 'पांढऱ्या पायाची' सून आठवा. मेंढीच्या वर्षी जन्मलेल्या मुलीला संसारसुख नाही, ही समजूतही अजून पुरती गेलेली नाही. इथे वर्ष वाईट नसतं, बाई वाईट असते, आणि तिची शिक्षा नववर्षाला संपत नाही. २०१५चं मेंढीचं वर्ष लागायच्या आत बाळ व्हावं म्हणून सिझेरियनची घाई झाल्याच्या बातम्या चीनमधून आल्या होत्या. पुढचं मेंढीचं वर्ष ६ फेब्रुवारी २०२७ला लागतंय. त्या वर्षात जन्मणाऱ्या मुलींना अजून नावंही नाहीत, आणि त्यांच्यावरचा ठपका मात्र आधीच तयार आहे.