चेम्निट्झमधला ब्रेड आणि नौपाड्यातली मी

2025 च्या दसऱ्याच्या आदल्या रात्री लेकाला विमानतळावर सोडून आलो. मास्टर्ससाठी जर्मनी. "काय मुहूर्त साधलात, सीमोल्लंघन!" हा एकच विनोद निदान पंधरा नातेवाइकांनी केला.

एवढा मुहूर्त साधला, पण तिथलं कॅलेंडर कुणी उघडून पाहिलं नाही. 2 ऑक्टोबरला रात्री तो चेम्निट्झच्या होस्टेलवर पोचला आणि 3 ऑक्टोबरला तिथे राष्ट्रीय सुट्टी. 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या तो दिवस. सगळी दुकानं बंद. दशम्या प्रवासातच संपलेल्या. बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला सगळं होतं, फक्त तवा नव्हता. ठाण्यातल्या नौपाड्यात रात्री दहाला खाली उतरून दूध आणणाऱ्या आम्हाला हे सुचणार तरी कसं?

मग मी तेच केलं, जे आजकाल आपण सगळेच करतो. जर्मनीत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, "मुलगा उपाशी आहे." अर्ध्या तासात साठेक मेसेज. कुणाचा तरी भाचा डाळ-तांदूळ घेऊन निघायच्या तयारीत. तेवढ्यात चिरंजीवांचा मेसेज, "आई, पेट्रोल पंपावर ब्रेड आणि दूध मिळालं. प्लीज कुणाला पाठवू नकोस."

मला राग आला. खरं सांगते, तो उपाशी नाही याचा आनंद नंतर झाला.

त्या ग्रुपवर मी अजून आहे आणि रोज बघते. तेवीस वर्षांच्या मुलीचा पत्ता नोंदवायला अपॉइंटमेंट मिळत नाही, तर बाबा ठाण्यात बसून वेबसाइट रिफ्रेश करतायत. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते हे मुलीलाही ठाऊक आहे हो! ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे मुलांच्या तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो भरले आपण, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. त्यातून महिन्याला 992 युरो त्यांच्या हातात येतात. ते खर्च करायला विश्वास आहे, आणि कांदे कुठून घ्यायचे ते आपण सांगणार?

आजारपण, घरभाड्यातली फसवणूक असलं काही असेल तर जरूर धावा. मीही धावेन. पण बाकीच्या फजित्या त्यांच्या त्यांना होऊ द्याव्यात.

बाटल्यांचंच घ्या. पाण्याची प्लास्टिकची बाटली प्यायल्यावर चुरगाळून टाकायची हे मी त्याला लहानपणापासून शिकवलं, आपल्याकडे बाटलीवरच तसं छापलेलं असतं. तिथे अशा बाटलीमागे 25 सेंट डिपॉझिट असतं आणि ते परत देणारं मशीन चुरगाळलेली बाटली घेत नाही. याने इमानेइतबारे चार चुरगाळल्या आणि मशीनपुढे उभा राहिला. मागे रांग. शेवटी एका आजीबाईंनी बाटलीत फुंकर मारून ती फुगवायची खूण केली. दोन फुगल्या, मशीनने घेतल्या. पन्नास सेंट वसूल! हे सांगताना इतका हसत होता की मी तिथे नव्हते हेच बरं झालं.

टपालपेटीवर नाव चिकटवलं नव्हतं म्हणून बँकेचं पत्र परत गेलं, तेही त्यानेच निस्तरलं. मला आठवड्याने कळलं.

परवा विचारत होता, "फोडणीत आधी मोहरी की हिंग?" मी तेलाच्या तापमानापासून कढीपत्त्यापर्यंत सगळं टाइप केलं. मग खोडलं आणि पाठवलं, "मोहरी. तडतडू दे."