खुलासा: कार्बोरेटरला सिलिकॉनची ओ-रिंग लावू नका

'फ्लोट चेंबरला सिलिकॉनची ओ-रिंग टाका, 200 डिग्री सोसते, पुन्हा गळणार नाही' हा मेसेज बाइकवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. (फ्लोट चेंबर म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी, ओ-रिंग म्हणजे तिच्या सांध्यातलं गोल रबरी सील.) उष्णतेचं खरं आहे, सिलिकॉन तेवढी सोसतं. पण कार्बोरेटरच्या सीलचा खरा शत्रू पेट्रोल आहे आणि पेट्रोलमध्ये साधं सिलिकॉन भरपूर फुगतं.

मी स्वतः एक नवी रिंग काचेच्या बरणीत पेट्रोलमध्ये रात्रभर ठेवली. सकाळी ती खाचेत बसेना. बोटांनी दाबत गेलो, एका बाजूने बसवली की दुसरीकडून वर यायची. जोर लावून बसवलेली अशी रिंग चिरते, मग इंजिन गरम असताना पेट्रोल ठिबकतं. म्हणून एवढ्या कळकळीने सांगतोय.

मग काय लावायचं? नायट्राइल रबर चालतं, स्वस्तही आहे, पण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होतं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे माझी पसंती तेही सोसणाऱ्या व्हायटॉनला, म्हणजे एफकेएम नावाच्या रबराला. महाग आहे, तरीही. ब्रेकच्या किटमधली रिंग मात्र मापात बसली तरी नको: ती बहुधा ईपीडीएम या रबराची असते, ब्रेक ऑइलसाठी उत्तम, पेट्रोलमध्ये निकामी. रंगावरून ओळखू नका, नायट्राइल, व्हायटॉन, ईपीडीएम तिन्ही काळ्या मिळतात. दुकानदाराला मटेरियल विचारूनच घ्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.